शेल फंक्शनचे उत्तर बोलावणाऱ्याच्या हाती कसे द्यावे

बदलापूरजवळचे बारवी धरण ७२.६० मीटर पातळीला पूर्ण भरते. ते भरायला अजून किती बाकी आहे, हे रोज सांगणारी एक छोटी बॅश स्क्रिप्ट आपल्याला लिहायची आहे असे समजू.

बॅश हा शेल आहे, म्हणजे टर्मिनलमध्ये टाइप केलेल्या आज्ञा पाळणारा प्रोग्रॅम. फंक्शन म्हणजे नाव देऊन ठेवलेला आज्ञांचा गट. व्हेरिएबल म्हणजे किंमत साठवणारे नाव. बॅशला दशांश हिशेब येत नाही, म्हणून आपण सेंटिमीटर वापरू: ७२६० वजा आजची पातळी. खालची सारी नावे आणि आज्ञा संगणकावर मात्र रोमन लिपीतच टाइप करायच्या.

नवशिक्यांचा पाय पहिल्यांदा घसरतो तो 'रिटर्न'वर. इतर भाषांत रिटर्न उत्तर देते. बॅशमध्ये ते काम झाले की फसले एवढेच कळवते: शून्य म्हणजे झाले, बाकी कुठलाही आकडा म्हणजे काहीतरी बिघडले. त्यातून ० ते २५५ एवढेच आकडे जातात. आकडा मोठा असेल तर त्याला २५६ने भागून उरलेली बाकी हाती येते. ऑगस्टमध्ये पातळी ७१८४ असेल, तर फरक ७६ येतो आणि सारे बरोबर वाटते. उन्हाळ्यात पाणी दहा मीटर खाली गेले की फरक १००० होतो आणि हाती येतात २३२. बॅश कसलाही इशारा देत नाही. या चुकीची मला सर्वांत जास्त धास्ती वाटते, कारण भरलेल्या धरणावर तपासलेली स्क्रिप्ट ऐन टंचाईत खोटे सांगते.

दुसरी वाट रूढ आहे. फंक्शनने उत्तर 'इको'ने छापायचे आणि आपण डॉलर चिन्हापुढच्या गोल कंसात फंक्शनला बोलावून ते पकडायचे. साध्या कामाला हे पुरेसे आहे. पण तेव्हा फंक्शन सबशेलमध्ये, म्हणजे शेलच्या वेगळ्या प्रतीत चालते. तिथे बदललेली व्हेरिएबल बाहेर पोहोचत नाहीत. तपासणीसाठी छापलेला एखादा संदेशही उत्तरात मिसळतो.

तिसरी वाट म्हणजे फंक्शनला किमतीबरोबर एक नावही द्यायचे आणि उत्तर त्या नावात ठेवायला सांगायचे. पाकिटावर पत्ता लिहून देण्यासारखेच हे. यासाठी पूर्वी 'इव्हॅल' वापरत. ते मिळालेला मजकूर आज्ञा म्हणून चालवते, तेव्हा त्यापासून दूरच राहावे.

त्याऐवजी फंक्शनच्या आत 'लोकल -एन' लिहून संदर्भ-व्हेरिएबल तयार करा. त्याला बरोबरच्या चिन्हाने पहिला अर्ग्युमेंट, म्हणजे बोलावणाऱ्याने दिलेले नाव, जोडा. त्यानंतर संदर्भात जे लिहाल ते थेट बोलावणाऱ्याच्या व्हेरिएबलमध्ये जाते. सबशेल लागत नाही, आणि रिटर्न यश-अपयश सांगायला मोकळे राहते.

बोलावताना नाव डॉलर चिन्हाशिवाय द्या. व्हेरिएबलचे नाव 'बाकी' असेल, तर नुसते 'बाकी' लिहिले की नाव जाते. 'डॉलर बाकी' लिहिले तर त्यातली किंमत जाते, आणि किंमत हे काही नाव नव्हे.

आता खरी मेख. फंक्शनच्या आत आपण संदर्भाला 'निकाल' म्हटले आणि बोलावणाऱ्याच्या व्हेरिएबलचे नावही 'निकाल'च असले, तर संदर्भ स्वतःकडेच वळतो. अशा वेळी बॅश निदान वर्तुळाकार संदर्भाची तक्रार तरी करते. पण आत 'फरक' नावाचे लोकल व्हेरिएबल असेल आणि बाहेरूनही 'फरक' हेच नाव आले, तर उत्तर आतल्या फरकात पडते आणि फंक्शन संपताच नाहीसे होते. बाहेरचा फरक जुनाच राहतो, आणि तक्रार कुठेच उमटत नाही. बॅश नाव शोधताना सर्वांत जवळचे उचलते, म्हणून असे घडते. उपाय शिस्तीचा आहे: फंक्शनमधल्या प्रत्येक लोकल नावापुढे दोन अधोरेषा आणि फंक्शनचे नाव जोडा, म्हणजे बाहेर तसे नाव असण्याची शक्यता जवळपास उरत नाही.

नाव बाहेरून, एखाद्या फाइलमधून येत असेल तर आणखी जपावे लागते. नावाऐवजी चौकटी कंसात आज्ञा दडवलेला मजकूर आला, तर संदर्भ वापरताना ती आज्ञा चालू शकते. म्हणून 'लोकल -एन'च्या आधीच नाव तपासा. पहिले चिन्ह रोमन अक्षर किंवा अधोरेषा हवे, पुढे फक्त अक्षरे, अंक आणि अधोरेषा. न जुळल्यास 'रिटर्न २' करून बाहेर पडा. पातळीही निव्वळ अंकांची आहे ना ते पाहा, कारण बॅशच्या अंकगणितात असाच मजकूर शिरला तर तोच धोका असतो.

संदर्भ-व्हेरिएबल बॅश ४.३पासून, म्हणजे २०१४पासून आहेत. मॅकवरचे मूळचे बॅश ३.२ आहे, तिथे ते चालणार नाहीत. तिथे 'प्रिंटएफ -व्ही' पुढे व्हेरिएबलचे नाव देऊन उत्तर त्यात भरता येते. नावांची टक्कर आणि दडवलेली आज्ञा यांची काळजी तिथेही तेवढीच घ्यावी.

शेवटी स्क्रिप्ट तीनदा चालवून पाहा: एकदा पातळी ७१८४ देऊन, एकदा ६२६० देऊन, आणि एकदा फंक्शनमधल्याच, संदर्भ नसलेल्या एखाद्या लोकल व्हेरिएबलचे नाव मुद्दाम बाहेरून देऊन. दुसऱ्या वेळी १००० यायला हवे. तिसऱ्या वेळी उत्तर हरवणारच. ते कसे हरवते हे एकदा स्वतः पाहिलेत, की दोन अधोरेषा टाइप करायचा कंटाळा येणार नाही.