उलट्या हाताचा फटका

टेनिस पाहणाऱ्याची दृष्टि खेळाडूच्या हातावर खिळलेली असते; परंतु ‘बॅकहँड’ म्हणजे उलट्या हाताचा फटका हा खरोखर पायांपासून सुरू होतो. उजव्या हाताचा खेळाडू, चेंडू डावीकडे येतांच, खांदे वळवून पाठ अर्धवट जाळीकडे करतो व उजवें पाऊल पुढें टाकतो. पायांनीं जमिनीला दिलेला रेटा कमरेंत, तेथून धडांत, खांद्यांत आणि शेवटीं रॅकेटींत उतरतो. आसुडाची मूठ सावकाश हलते, टोंक मात्र कडाडतें; तसाच हा प्रकार होय.

ही सांखळी मध्येंच तुटली, तर उणीव भरून काढण्याचें काम एकट्या मनगटावर पडतें. नवशिक्याचें मनगट आघाताच्या क्षणीं बहुधा तळहाताकडे वाकलेलें असतें. त्यामुळें मनगट मागें उचलणारे स्नायु ताणले जातात आणि कोपराच्या बाहेरील उंचवट्यावर, जेथें त्यांचें मूळ आहे, तेथें वेदना सुरू होते. हेंच ‘टेनिस एल्बो’. कसलेला खेळाडू मनगट किंचित् मागें नेऊन ताठ ठेवतो.

१९३८ सालीं चारही प्रमुख स्पर्धा जिंकणारा अमेरिकन डॉन बज याचा बॅकहँड एका हाताचा होता. १९७० नंतर बोर्ग व ख्रिस एव्हर्ट यांच्या यशानें दोन हातांची पद्धति रूढ झाली. तींत आघात दोन्ही हातांत वांटला जातो. मात्र दूरच्या चेंडूसाठीं अधिक धांवावें लागतें.

पद्धति कोणतीहि असो, कोपर दुखूं लागल्यास दोष केवळ हातांत न शोधतां पायांच्या ठेवणींत व खांद्यांच्या वळणांतहि शोधावा, हेंच श्रेयस्कर.