साउरडो ब्रेड आणि पिठातील तांबडा भुंगेरा

साउरडो ब्रेडमध्ये विकतचे यीस्ट नसते. पीठ व पाणी आंबवून केलेल्या खमिरातील यीस्ट वायू निर्माण करते, लॅक्टिक आम्लाचे जिवाणू आंबटपणा देतात आणि गव्हातील ग्लूटेन तो वायू धरून ठेवते. साठवलेल्या पिठातील तांबडा भुंगेरा (ट्रायबोलियम कॅस्टेनियम) क्विनोन संयुगे स्रवतो. तीव्र प्रादुर्भावात पिठाला उग्र वास व गुलाबी छटा येते, कणकेची लवचिकता घटते आणि ब्रेड नीट फुगत नाही. चाळल्याने भुंगेरे निघतात, क्विनोन नव्हे. असे पीठ वापरू नये. गहू थोडाच दळावा. ताजे पीठ हवाबंद डब्यात उणे १८ अंश सेल्सिअसला ४ दिवस ठेवल्यास किडीची अंडीही मरतात. डबा सामान्य तापमानाला आल्यावरच उघडावा, अन्यथा पिठाला दमटपणा येतो.