भायखळ्याचें वृक्षधन

साकीनाक्याच्या कारखान्यांच्या व वाहनांच्या कोलाहलांतून निघालेलें कुटुंब मेट्रोनें घाटकोपरास आणि तेथून आगगाडीनें भायखळ्यास येतें. राणीच्या बागेंत शिरतांच मुलांचीं पावलें पिंजऱ्यांकडे वळतात. परंतु ही बाग मूळची वनस्पतींची. शिवडी येथील उद्यानाची जागा ख्रिस्ती दफनभूमीसाठीं गेल्यावर १८६२ सालीं ती येथें उघडण्यांत आली. वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान हें तिचें आजचें नांव.

शोभेची बाग डोळ्यांस सुख देते. वनस्पति-उद्यान नाना देशींचे वृक्ष एकत्र आणून तुलना करावयास शिकवितें. आफ्रिकेंतील गोरखचिंचेचें अवाढव्य खोड म्हणजे कोरड्या ऋतूसाठीं भरून ठेवलेला रांजणच. दक्षिण अमेरिकेंतील कैलासपतीचीं फुलें डहाळीच्या शेंड्यास न येतां थेट खोडावर उमलतात, आणि तोफगोळ्यासारखीं जड फळेंही तेथेंच लोंबतात. ब्रह्मदेशची उर्वशी तर क्वचितच बीज धरते. असें एक झाड गेलें तर त्याची जागा भरून काढणें दुष्कर.

या शतकाच्या पहिल्या दशकांत प्राणिसंग्रहालयाच्या पुनर्रचनेचा आराखडा पुढें आला, तेव्हां नागरिकांनीं त्यास विरोध केला तो या वृक्षांच्या काळजीपोटीं. पिंजरा वर्षाभरांत उभा राहतो. शतायुषी वृक्षास शतकच लागतें. यास्तव मुलांस वाघ अवश्य दाखवावा, पण परततांना एक तरी झाड नांवानिशीं ओळखावयास शिकवावें. ओळखीचें झाड नाहींसें झालें, तर निदान कोणास तरी त्याची उणीव भासते.