पत्ता नाही, म्हणून पाणी नाही

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, हे आपल्या मुलांना तोंडपाठ असते. त्याआधी १९२३ साली बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला होता व १९२४ साली महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव केला होता, हे मात्र कमी सांगितले जाते. हक्क कागदावर होता. पाण्याला हात लावण्याची सोय नव्हती. मुंबईच्या फुटपाथवर संसार मांडलेल्या माणसाची गत आजही फारशी निराळी नाही.

संविधानाच्या कलम १५ ने सार्वजनिक विहिरी, तलाव व स्नानघाट सर्वांना मोकळे केले. १५ डिसेंबर २०१४ रोजी पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला, की झोपडी बेकायदा असली तरी तेथील माणसाला पिण्याचे पाणी नाकारता येत नाही, कारण ते कलम २१ मधील जीविताच्या हक्कात येते. निर्णय मोठाच. पण नळजोडणीच्या अर्जाला पत्ता लागतो, कागदपत्रे लागतात. ज्याला छप्परच नाही त्याने नळ कोठे बसवावा? २०११ च्या जनगणनेत असे बेघर देशभरात सुमारे १७ लाख ७३ हजार मोजले गेले. (रात्री फिरून मोजलेली ही संख्या पुरी असेल, असे आम्हांस वाटत नाही.)

मग हंडा भरतो तो कोणा वॉचमनच्या मेहरबानीने, विकत घेऊन, किंवा गळक्या जलवाहिनीवर. हे शेवटचे पाणी सर्वांत घातक. पुरवठा ठराविक तासांचाच असतो; तो बंद होऊन वाहिनीतील दाब उतरला, की ज्या भोकातून पाणी बाहेर येत होते त्याच भोकातून गटाराचे पाणी आत शिरते. जुलाब, कावीळ, विषमज्वर यांचे मूळ येथे आहे. असे पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसले तरी उकळूनच प्यावे. पण सरपणच विकत घेणाऱ्याला हे सांगणे आपल्यालाच जड जाते.

शौचालयाचे दुखणे स्त्रियांना अधिक. ‘पैसे द्या व वापरा’ येथे दर खेपेला पैसे, आंघोळीला वेगळे. पाच माणसांच्या कुटुंबाला ते रोज कसे परवडावे? म्हणून बाया अंधार पडेपर्यंत थांबतात, दिवसभर पाणीच कमी पितात आणि लघवीच्या विकारांनी बेजार होतात.

आपल्या विभागात सार्वजनिक नळ व मोफत शौचालये किती, हे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी माहितीच्या अधिकाराखाली वॉर्ड कार्यालयाला विचारावे. तोवर विहाराच्या आवारातील तोटी व शौचालय पहाटे पाचला उघडता येईल. बायांची अडचण त्याच वेळेची असते.