तोंडी व्यवहार आणि लेखी करार : आरपीजीतील प्रोटोटाइपचा मागोवा

व्यापारी हिशेबासाठी घडविलेल्या संगणकभाषांमध्ये आरपीजीइतकी दीर्घायुषी आणि तितकीच उपेक्षित भाषा क्वचितच दुसरी सापडेल. 1959 साली आयबीएमच्या 1401 या यंत्रासाठी ती जन्मास आली ती, तारा खोचून चालविलेल्या सारणीयंत्रांवर हयात घालविलेल्या मंडळींना नव्या यंत्राचे भय वाटू नये या हेतूने; आणि म्हणूनच पंचकार्डाचे ऐंशी स्तंभ, प्रत्येक अक्षराची त्यांतील ठरलेली जागा आणि एक घर चुकले की सारी ओळ निरर्थक ठरविणारी शिस्त तिच्या अंगी जी मुरली, ती पुढे कित्येक दशके सुटली नाही. 1988 साली आयबीएमचा एएस-400 हा संगणक बाजारात आला, आणि त्यावरही व्यापारी प्रोग्राम याच भाषेत लिहिले जात. नव्वदीच्या उत्तरार्धात, 2000 सालच्या तारखेच्या प्रश्नाने अमेरिकेतील व्यापारी पेढ्या धास्तावल्या, तेव्हा त्यांच्या दप्तरांतील जुने प्रोग्राम दुरुस्तीसाठी मुंबई-पुण्याच्या कार्यालयांत येऊ लागले, आणि मराठी प्रोग्रामरांच्या एका पिढीची या भाषेशी गाठ पडली ती अशा आडमार्गाने.

त्या जुन्या प्रोग्रामांत एकाने दुसऱ्यास पाचारण करावयाचे ते 'कॉल' लिहून, आणि त्याखाली 'पार्म'च्या ओळी एकीखाली एक मांडून. हस्तांतर होई ते मजकुराचे नव्हे, तर तो जेथे ठेविला आहे त्या स्मृतिस्थानाच्या पत्त्याचे. त्या पत्त्यावर किती बाइट आहेत आणि कोणत्या जातीचे, याची नोंद ज्याने त्याने आपापल्या दप्तरी करावी, परंतु दोन्ही नोंदींची रुजुवात घालण्याची तरतूद भाषेत कोठेही नव्हती. सारा व्यवहार तोंडी. समजा, बोलावणाऱ्याने रक्कम सात अंकी धरली, म्हणजे पॅक्ड रूपात चार बाइट. आणि बोलावलेल्याने ती नऊ अंकी धरली, म्हणजे पाच. मग दुसरा प्रोग्राम शेजारचा परका बाइटही आपलाच समजून वाची, चौथ्या बाइटाच्या शेवटी असलेली धन-ऋणाची खूण त्याला अंकांच्या रांगेत मध्येच आडवी येई, आणि 907 क्रमांकाची दशांशाची तक्रार नोंदवून तो ऐन मध्यरात्रीच्या बॅचमध्ये जागच्या जागी थांबे. हा प्रकार त्यातल्या त्यात सज्जनच म्हणावयाचा, कारण तो निदान ओरडून सांगे. दहा अक्षरांच्या जागी वीस अक्षरे लिहिणारा प्रोग्राम मात्र बोलावणाऱ्याच्या शेजारच्या दहा बाइटांवर बिनबोभाट बोळा फिरवून परते, आणि त्याचा परिणाम कोठल्या तरी भलत्याच अहवालात, भलत्याच दिवशी उमटे.

चाचणीचा मार्गही सरळ नव्हता. आज्ञेच्या ओळीवरून प्रोग्राम चालवू गेल्यास तेथे लिहिलेला कोणताही अंक पंधरा अंकी, पाच दशांशी होऊन पुढे जाई. त्यामुळे एकशे तेवीस पूर्णांक पंचेचाळीस शतांश एवढी रक्कम नऊ अंकी जागेत नीट पोहोचवावयाची, तर प्रारंभी चार शून्ये, मग एक ते पाच हे अंक आणि शेवटी एफ, असे षोडशमान रूप हाताने टंकावे लागे. असे टंकन ज्यांच्या बोटांना सवयीचे झाले होते, त्यांना पुढे आलेल्या सुधारणेची किंमत निराळी सांगावी लागली नाही.

1994 साली आरपीजीची चौथी आवृत्ती आली. मॉड्यूल वेगळे बांधून एकत्र जोडण्याची सोय तीत होती, परंतु त्यांना बोलावणारा 'कॉल-बी' हाही जुन्या 'पार्म'वरच विसंबून असल्याने व्यवहार तोंडीच राहिला. प्रोटोटाइप आणि त्याच्या आधारे बोलावणारा 'कॉल-पी' आले ते त्यानंतर वर्षा-दोन वर्षांनी. प्रोग्रामाच्या आरंभी 'पीआर' या खुणेखाली किती घटक द्यावयाचे, प्रत्येकाची जात कोणती, लांबी किती, हे एकदा लिहून ठेवावयाचे. मग कोणी सात अंकांच्या जागी नऊ अंक दिले, की कंपायलर भरदिवसा, प्रोग्रामरच्या समोरच हरकत घेई. पूर्वी एखादा स्थिरांक पाठवावयाचा म्हटले तरी आधी कामचलाऊ चल निर्माण करून त्यात तो भरावा लागे. आता 'कॉन्स्ट' हा एक शब्द जोडला की स्थिरांकच काय, संपूर्ण बेरीज-वजाबाकीही जागेवरच देता येई, आणि तिचे योग्य लांबीत रूपांतर कंपायलर स्वतः करी. सी भाषेतील तयार फंक्शने आरपीजीतून सुखाने बोलाविता येऊ लागली तीही याच सुमारास, आणि माझ्या मते तरुण प्रोग्रामर या नव्या रीतीकडे ओढले गेले ते शिस्तीच्या ओढीने नव्हे, या मोहानेच.

ज्येष्ठांचा आक्षेप मात्र वाजवी होता. प्रोसिजरच्या अंगात 'पीआय' या खुणेखाली घटकांचे जे वर्णन लिहावयाचे, तेच बाहेर 'पीआर'खाली पुन्हा का लिहावे? या द्विरुक्तीचा कंटाळा करून पुष्कळ ठिकाणी प्रोटोटाइप प्रत्येक प्रोग्रामात नकलून चिकटविले गेले, आणि एका कराराच्या विसंगत अशा अनेक प्रती दप्तरात नांदू लागल्या. कारण मर्माची गोष्ट ही की, प्रोटोटाइप ही केवळ बोलावणाऱ्याची समजूत असते. पलीकडचा प्रोग्राम खरोखर काय अपेक्षितो, हे पाहण्यास कंपायलर तेथपर्यंत जात नाही. एखादा जुना प्रोग्राम दिलेल्या रकमेत गुपचूप फेरफार करीत असेल आणि आपण तिला 'कॉन्स्ट' म्हणून मोकळे झालो असू, तर तो फेरफार आपल्या मूळ चलात निमूट येऊन बसू शकतो. रुजुवात घडते ती एकाच रीतीने: प्रोटोटाइप एका स्वतंत्र सोर्स मेंबरात ठेवावा, आणि तो बोलावणाऱ्याने जसा 'स्लॅश-कॉपी'ने आणावयाचा तसाच प्रोसिजर लिहिणाऱ्यानेही आणावयाचा, म्हणजे 'पीआर' आणि 'पीआय' कंपायलरच्या एकाच टेबलावर येतात, आणि तेथे तो अर्ध्या बाइटाचाही मुलाहिजा ठेवीत नाही. माझ्या पाहण्यात या दुसऱ्या अर्ध्या भागाचे शिक्षण फारच थोड्या कार्यालयांनी दिले.

2001 साली गणिताच्या ओळी स्तंभांच्या जाचातून सुटल्या. त्या मुक्त लेखनात 'कॉल' आणि 'पार्म' यांना प्रवेशच न ठेविल्याने, युक्तिवादाने जे वळले नव्हते तेही नाइलाजाने प्रोटोटाइपकडे वळले. 2010 साली आलेल्या, ऑपरेटिंग सिस्टिमच्या 7.1 या आवृत्तीत ज्येष्ठांच्या आक्षेपाचीही दखल घेतली गेली: प्रोसिजर त्याच मॉड्यूलात असेल तर वेगळ्या प्रोटोटाइपची सक्ती उठली, 'पीआय'वरून कंपायलर तो आपला आपण उमजून घेऊ लागला. ही सवलत मॉड्यूलाच्या आत रास्तच आहे; पण बाहेरून बोलाविल्या जाणाऱ्या प्रोग्रामांच्या बाबतीतही तिचा आधार घेऊन 'पीआर' आणण्याचे टाळणारे आज दिसतात, आणि तेथे रुजुवातीची उरलीसुरली संधीही जाते. 2013 मध्ये घोषणांच्या ओळीही स्तंभमुक्त झाल्या. 'कॉल' आणि 'पार्म' मात्र जुन्या ठरीव स्तंभांत लिहिले तर अद्यापही कंपाइल होतात.