दर सारखे म्हणजे संगनमतच?

जुलै 2024 च्या पहिल्या आठवड्यात पनवेलकरांचा मोबाइल रिचार्ज महागला: जिओ आणि एअरटेलचे दर 3 तारखेला वाढले, व्होडाफोन आयडियाचे 4 तारखेला. ‘यांचं आतून ठरलेलं असणार’ असं वाटणं स्वाभाविक आहे. पण मोजक्याच विक्रेत्यांच्या बाजारात (अल्पाधिकार) काहीही न ठरवता दर सारखे होऊ शकतात. स्टेशनबाहेर वडापावच्या दोनच गाड्या असतील, तर एकाने भाव उतरवला की दुसऱ्यालाही त्याच संध्याकाळी उतरवावा लागतो. गिऱ्हाईक तेवढंच राहतं, नफा दोघांचा घटतो. हे उमगलं की भाव उतरवायला कुणी धजत नाही, आणि एकाने वाढवला तर दुसराही वाढवू शकतो.

मग स्पर्धा असते कुठे? 2016 मध्ये जिओ नव्याने उतरली आणि डेटाचे दर कोसळले, तेव्हा ती दिसली. संगनमत (आपसांत भाव ठरवणं) होतच नाही, असंही नाही. 2012 मध्ये स्पर्धा आयोगाने 11 सिमेंट कंपन्यांना 6,000 कोटींहून अधिक दंड ठोठावला. त्यावर अपिलं झाली. मात्र नुसत्या सारख्या दरांवरून संगनमत ठरत नाही, समझोत्याचा निदान परिस्थितीजन्य पुरावा लागतो, आणि ते योग्यच आहे. ग्राहकाला खरा आधार पर्यायाचा. जुलै 2024 मध्ये बीएसएनएलने दर वाढवले नव्हते, आणि नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय 2011 पासून देशभर आहे.