दातांच्या खुर्चीतले पाणी

बालरोगतज्ज्ञाने दंतवैद्यांच्या यंत्रातील नळ्यांविषयी लिहावे, हे कुणाला दुसऱ्याच्या अंगणात डोकावण्यासारखे वाटेल. परंतु दंतवैद्याच्या खुर्चीवरून हसत उठलेले मूल दोन-तीन महिन्यांनी जबड्याखाली गाठ घेऊन येते, ते बहुधा आमच्याच दारात. त्या वेळी पालकांच्या मनात दाताचा विषय उरलेला नसतो, आणि आम्हीही तो काढत नाही. या लेखाचे निमित्त एवढेच.

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात सप्टेंबर २०१५ मध्ये एक विलक्षण गोष्ट आरोग्य खात्याच्या ध्यानात आली. मुलांच्या दातांवर उपचार करणाऱ्या एकाच दवाखान्यातील अनेक बालकांना हिरड्या, जबडा आणि मानेच्या गाठी यांचा चिवट जंतुसंसर्ग झाला होता. या मुलांचे मध्यक वय अवघे ७ वर्षे. सर्वांची पल्पोटॉमी झाली होती, म्हणजे किडलेल्या दुधाच्या दातातील वरचा मगज काढून दात वाचवण्याची, आपल्याकडेही नित्य होणारी प्रक्रिया. जंतू निघाला मायकोबॅक्टेरियम अ‍ॅब्सेसस, क्षयाच्या जंतूचा पाण्यात व मातीत राहणारा भाऊबंद. दवाखान्यातील सातही खुर्च्यांचे पाणी तपासले गेले. दर मिलिलिटरला ५०० जंतुवसाहतींची मर्यादा असताना तेथे सरासरी ९१,३३३ आढळल्या आणि सातही नमुन्यांत हाच जंतू होता. साधे नळाचे पाणी वापरले जात होते. दिवसाअखेरीस नळ्या निर्जंतुक कराव्यात, ही यंत्र बनवणाऱ्याची सूचना पाळली जात नव्हती आणि पाण्याची तपासणीही होत नव्हती.

पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, कॅलिफोर्नियातील अनाहाईम येथे याच प्रकाराची पुनरावृत्ती झाली आणि ७०हून अधिक बालके आजारी पडली. त्या दवाखान्याने पाण्याची सारी यंत्रणा बदलून नवी बसवली, तरी डिसेंबरमध्ये नव्या यंत्रणेतही मायकोबॅक्टेरिया सापडले! यंत्र नवे घेतले की प्रश्न मिटला, असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर ध्यानात ठेवावा.

या दोन ठिकाणच्या मुलांना काय सोसावे लागले, ते बालरोगतज्ज्ञाच्या नजरेने पाहण्यासारखे आहे. जबड्याचे हाड खरवडून काढावे लागले. दुधाच्या दातांखाली वाट पाहत असलेले कायमचे दात काही मुलांनी गमावले. शिरेतून दीर्घकाळ प्रतिजैविके द्यावी लागली. काहींच्या श्रवणशक्तीवर परिणाम झाला, तर काहींच्या चेहऱ्याची नस दुखावली. एका किडक्या दुधाच्या दातापोटी मोजलेली ही किंमत आहे.

आता प्रश्न असा की, जे पाणी पिऊन काही होत नाही, ते दाताच्या यंत्रातून आले की एवढे घातक का ठरते? उत्तर नळीत आहे. ड्रिल, स्केलर आणि पाण्याची पिचकारी यांना पाणी पोहोचवणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळ्या अतिशय अरुंद असतात. त्यामुळे आतील पाण्याच्या मानाने भिंतीचे क्षेत्रफळ फार मोठे होते. प्रवाह मध्यभागी वेगाने धावतो, पण भिंतीलगत तो जवळजवळ स्थिर असतो. रात्रभर आणि रविवारी तर सगळेच पाणी थांबलेले. अशा भिंतीवर जंतू चिकट थर धरून वस्ती करतात, त्यालाच बायोफिल्म म्हणतात. लेवेनहुकने १६८३ मध्ये स्वतःच्या दातांवरील कीट खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. व्हिनेगरने त्या थराच्या बाहेरचेच जीव मरतात, आतले सुखरूप राहतात, हेही त्याने नोंदवले. दंतवैद्य जो थर दातांवरून काढतो, त्याचेच भावंड त्याच्या नळीत वाढत असते!

क्लोरीनच्या नेहमीच्या मात्रेला हे मायकोबॅक्टेरिया दाद देत नाहीत, तेव्हा नगरपालिकेचे शुद्ध केलेले पाणी आहे म्हणून निश्चिंत राहता येत नाही. आपल्या वडोदऱ्यात सयाजीराव महाराजांच्या काळात, १८९२ मध्ये, आजव्याचे पाणी नळाने आले, ते त्या काळी मोठेच आरोग्यकार्य होते. परंतु इमारतीच्या तळटाकीत आणि गच्चीवरच्या टाकीत मुक्काम करून पाणी खुर्चीपर्यंत पोहोचते, तोवर त्यातील क्लोरीन बरेचसे उडालेले असते. आरओचे किंवा ऊर्ध्वपातित पाणी वापरले तर क्लोरीन मुळातच नाही. बाटलीत कितीही चांगले पाणी भरा, नळीत थर असेल तर बाहेर पडते ते दूषितच.

ब्रिटनमध्ये हा दोष १९६३ सालीच प्रसिद्ध झाला होता. तरीही २०११ मध्ये इटलीत ८२ वर्षांची एक वृद्धा लीजनेअर्स रोगाने दगावली आणि उगम दंतवैद्याच्या खुर्चीच्या पाण्यात सापडला. आजाराआधीच्या दिवसांत ती घराबाहेर पडली होती, ती केवळ दंतवैद्याकडे जाण्यासाठी.

उपाय खर्चिक नाहीत, कंटाळवाणे मात्र आहेत. दर रुग्णानंतर २० ते ३० सेकंद पाणी व हवा सोडून द्यावी, म्हणजे तोंडातून मागे ओढला गेलेला अंश निघून जातो. याने बायोफिल्म मात्र जात नाही, हा गैरसमज सर्वत्र आढळतो. त्यासाठी यंत्र बनवणाऱ्याने सांगितलेले रसायन, सांगितलेल्या मात्रेत आणि सांगितलेल्या दिवशीच वापरावे लागते. स्वतंत्र बाटली असेल तर ती रात्री रिकामी करून कोरडी ठेवावी. आणि अधूनमधून पाणी प्रयोगशाळेत पाठवून जंतुवसाहती मोजून घ्याव्यात, कारण डोळ्यांना ते काचेसारखे स्वच्छच दिसते. हाड उघडे पडणाऱ्या शस्त्रक्रियेत तर खुर्चीतले पाणी वापरूच नये, निर्जंतुक सलाईन वेगळ्या साधनाने द्यावे. पल्पोटॉमी हाडाची शस्त्रक्रिया नव्हे, म्हणून तिथे ढिलाई होते. पण मगज उघडा करून त्यावर दूषित पाणी सोडायचे आणि वर स्टीलची टोपी घट्ट बसवायची, यात जंतू आत कोंडला जातो, हे जॉर्जियाने दाखवून दिले.

दंतवैद्य मित्रांना हे सांगताना आपल्या नवजात विभागातील ऑक्सिजनच्या ह्युमिडिफायरची बाटली आणि नेब्युलायझरचा कप यांकडे एकदा पाहून यावे, हे उत्तम. तेथेही साचलेले पाणी आणि प्लॅस्टिकची भिंत असते.

राहिला निदानाचा भाग. आपल्याकडे मुलाच्या मानेची गाठ म्हटली की पहिला विचार क्षयाचा येतो, आणि तो योग्यच आहे. परंतु पल्पोटॉमीनंतरची लक्षणे दिसायला अनेक आठवडे, कधी काही महिनेही लागतात. गाठीतील पुवात आम्लरोधी जंतू दिसतात, ऊतकपरीक्षेत ग्रॅन्युलोमा येतो, आणि क्षयाची औषधे सुरू होतात. अ‍ॅब्सेसस त्यांना जुमानत नाही. स्मिअरमध्ये जंतू दिसले आणि जनुकीय चाचणीत क्षयाचा जंतू नाही असे आले, तर तेथेच थबकावे. गेल्या सहा महिन्यांत दाताचे काम झाले का, हे पालकांना विचारावे. पू कापसाच्या बोळ्यावर न घेता सिरिंजमध्ये किंवा ऊतकाच्या तुकड्याच्या रूपाने पाठवावा, आणि प्रयोगशाळेच्या कागदावर ‘क्षयेतर मायकोबॅक्टेरियाचे कल्चर’ असे स्पष्ट लिहावे. हा जंतू वेगाने वाढणाऱ्यांपैकी आहे. त्याच्या वसाहती साधारण आठवड्याभरात दिसू लागतात.